चार पदार्थ वर्ज्य असलेलं ताट

मृगाच्या आगेमागे नेरळ, कर्जत, चौकच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं घेतली की बरोबर काकडंही घ्यायची, हे इथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. त्या आंबट फळांशिवाय, निदान चिंचेच्या कोळाशिवाय, शेवळाची भाजी घशाला खाजते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. भाजी नीट केली नसेल तर जेवणाऱ्या प्रत्येकाचाच घसा खाजेल. तरीही पुष्कळ घरांत म्हटलं जातं, "आमच्या पोराला शेवळाची ॲलर्जी आहे."

बांगड्याचंही तसंच. किनाऱ्यावरून कर्जत-खोपोलीपर्यंत येताना मासा बर्फाविना राहिला, तर बांगडा, कुपा अशा माशांत जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होतं, अंगावर चट्टे उठतात, डोकं ठणकतं. दिसायला हुबेहूब ॲलर्जी. पण ज्यांनी ज्यांनी तो मासा खाल्ला त्यातल्या बहुतेकांना ती एकदम होते, आणि पुढच्या वेळी ताज्या बांगड्याने होत नाही. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर तो बहुधा दुधातली साखर न पचण्याचा प्रश्न असतो. तीही ॲलर्जी नव्हे.

हे आधी सांगायला कारण आहे. ज्या मुलाला खरोखर तीन-चार पदार्थांची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी रोजचा स्वयंपाक करणं शक्य आहे. कर्जत-खालापूरच्या भातावर वाढलेल्या स्वयंपाकघरात तर ते पुष्कळच शक्य आहे. मात्र नुसत्या संशयावरून आज दूध, उद्या डाळ, परवा मासा असं काढत गेलं, तर ॲलर्जीपेक्षा उपासमारच त्या मुलाचं जास्त नुकसान करते.

खऱ्या ॲलर्जीत अन्न निर्दोष असतं. दुधातलं किंवा दाण्यातलं एखादं प्रथिन शरीराची संरक्षणयंत्रणा शत्रू म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत ही प्रतिपिंडं शोधून काढली. ती त्वचा, श्वासनलिका आणि आतडी यांतल्या विशिष्ट पेशींवर दबा धरून असतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. म्हणून खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांध्या उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, खोकला किंवा घरघर लागते. हा वेळेचा हिशेब आईने लिहून ठेवलेला असेल, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. काय खाल्लं, किती, कच्चं की शिजवलेलं, किती वेळाने काय झालं, एवढंच लिहायचं. अर्थात सगळ्याच ॲलर्जी आयजीईच्या नसतात. काही बाळांना दूध किंवा अन्य पदार्थ पाजल्यावर काही तासांनी जोराच्या उलट्या होऊन ती मलूल पडतात. रक्ताच्या चाचणीत हा प्रकार दिसत नाही, तो हकिगतीवरूनच ओळखावा लागतो.

रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीचा अर्थ लावताना फार सावध राहायला हवं. बंगळूर-म्हैसूरकडे प्रौढांची मोठी पाहणी झाली होती. तिच्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली, पण खरी ॲलर्जी असण्याचा संभव जेमतेम एक-सव्वा टक्का लोकांमध्येच दिसला. चाचणी 'पॉझिटिव्ह' आली आणि मूल तो पदार्थ आजवर सुखाने खात आलं आहे, तर तो बंद करू नये. शंकाच असेल, तर दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खायला देऊन पाहणं हीच सगळ्यांत भरवशाची परीक्षा. आणि शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारी आयजीजीची महागडी तपासणी तर करूच नये. आयजीजी वाढलेली दिसते म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्लेला आहे, एवढंच. त्या यादीवरून मुलाचं जेवण तोडणं हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता समजा, नीट तपासणीनंतर एका पाच वर्षांच्या मुलाला दूध, अंडं, गहू आणि शेंगदाणा हे चार पदार्थ वर्ज्य ठरले. शहरातल्या सल्ल्याची सुरुवात बदामाच्या दुधाच्या खोक्यापासून आणि ग्लुटेनविरहित पावापासून होते. हे दोन्ही महाग, आणि कशेळे किंवा वावोशीच्या दुकानात ते कोण ठेवणार? त्याची गरजही नाही. उल्हास, पेज आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतला हा भाताचा मुलूख. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतलाच आहे आणि कर्जत-३, कर्जत-७ ही तिथल्या वाणांची नावं शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल, परसात नारळ, शेवगा, केळ. या पिकांवर उभं राहिलेलं जुनं जेवण जवळजवळ सगळंच गव्हाविना, दुधाविना आणि अंड्याविना आहे. गव्हाची पोळी इथे रोजची झाली ती बरीच नंतर.

तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं. गव्हाची कणीक पाण्यात मळली की ग्लुटेनचं जाळं तयार होतं आणि पोळी ताणली जाते. तांदळाचं पीठ गार पाण्यात कितीही मळलं तरी फुटतं. म्हणून इथली बाई आधणाच्या पाण्यात पीठ घालून उकड काढते. उष्णतेने पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम काही प्रमाणात करतो. उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची, निवली की तिला चिरा पडतात. भाकरी, मोदक, पातोळ्या या तिन्हींमागे हेच एक तंत्र आहे. घावनाचं मात्र उलट: पीठ ताकासारखं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, म्हणजे पाण्याची वाफ एकदम सुटून जाळी पडते. ज्या घरात हे हाताला माहीत आहे, त्या घराला अंड्याच्या आणि मैद्याच्या पर्यायांची पुस्तकं लागत नाहीत.

सणवार पाहिले तरी तेच. नागपंचमीच्या पातोळ्या म्हणजे तांदूळ, गूळ, नारळ आणि हळदीचं पान. नारळी पौर्णिमेचा भात, गौरीची घावनं, गणपतीचे मोदक. उकडीत तुपाऐवजी खोबरेल घातलं की मोदकही चालतो. तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात. या मुलाला वर्षातले निम्मे सण इतरांच्याच ताटातलं जेवता येतं, आणि याचं मोल फार आहे. 'तुझं वेगळं' हे शब्द ज्याला दिवसातून तीनदा ऐकावे लागतात, त्याच्या मनावर त्याचा ओरखडा उमटतो. म्हणून माझं म्हणणं असं, की त्याच्यासाठी वेगळी चूल मांडण्यापेक्षा घराचाच मुख्य स्वयंपाक त्याला चालेल असा करावा. भात, आमटी, भाजी, भाकरी सगळ्यांना एकच. ज्यांना दूध, अंडं, पोळी हवी, त्यांनी ती वरून वाढून घ्यावी. याने घरातला धोकाही आपोआप कमी होतो, कारण एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात जाण्याचे प्रसंगच कमी होतात.

खरा घात तांदळाच्या भाकरीत नसतो, तिच्याभोवती असतो. बाजारातला कुटलेला हिंग घ्या. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो डिंक आणि पीठ मिसळून विकतात, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. म्हणजे रोजच्या आमटीच्या फोडणीत चिमूटभर गहू. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा, नाहीतर फोडणी लसणावर भागवावी. मऊ भात आणि मेतकूट हे आजारी मुलाचं जेवण, पण मेतकुटात हरभराडाळ-उडदाबरोबर गहूही भाजून घालतात. गोड्या मसाल्यात तीळ असतात. थालीपिठाच्या भाजणीत तर काय नसतं हेच विचारावं. कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची खिचडी, चटणी, सगळीकडे दाण्याचं कूट. उपासाची वरी या मुलाला चालते. तिच्यासोबतची दाण्याची आमटी चालत नाही. कुटाची जागा ओलं खोबरं घेऊ शकतं. तिळाची ॲलर्जी नसेल तर भाजलेले तीळही.

पिठाच्या गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले गेले असतील, तर ते पीठ दगडांच्या फटीतून आपल्या तांदळात येतं. फार संवेदनशील मुलाला तेवढंही पुरतं. खात्रीचा मार्ग म्हणजे तांदूळ घरीच, स्वतंत्र भांड्यात दळणं. ते जमत नसेल तर गिरणीवाल्याशी बोलून ज्या दिवशी गिरणी साफ होते त्या दिवशीचं पहिलं दळण आपलं ठेवावं, आणि सुरुवातीचं किलोभर पीठ मोठ्यांसाठी बाजूला काढावं. तेलाच्या लाकडी घाण्याचंही असंच आहे. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात ते राहतं. आणि त्याच घाण्यावर दाण्यानंतर खोबरं घातलं, तर खोबरेलातही दाणा उतरतो. तुपाविषयी गैरसमज मोठा आहे. लोणी कढवलं तरी तुपात दुधाच्या प्रथिनांचे अंश राहतात, म्हणून दुधाच्या ॲलर्जीत तूप सुरक्षित धरू नये.

कर्जत स्टेशनचा बटाटेवडा या मुलाला कसा नाकारायचा, हा इथल्या प्रत्येक आईबापाचा प्रश्न. पाव गव्हाचा, सुक्या चटणीत दाणे असू शकतात, आणि कढईतल्या तेलात दिवसभर काय काय तळलं गेलं ते कळायला मार्ग नाही. राहिलं बेसन. हरभऱ्याची ॲलर्जी पाश्चात्त्य देशांच्या यादीत वर नसते, पण आपल्याकडे ती आढळते आणि तिची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत झालेली आहे. शेंगदाणा ही शेंगवर्गीय वनस्पती असली तरी दाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं इतर डाळी बिनधास्त खातात. तेव्हा तूर, मूग, मसूर, हरभरा, वाल यांचा विचार वेगवेगळा करायला हवा, सरसकट डाळी बंद करणं चूक. बेसन चालत असेल तर घरी, आपल्या तेलात वडा करावा आणि तो तांदळाच्या भाकरीबरोबर द्यावा. वेष्टनातल्या पदार्थांवर २०२० च्या लेबल-नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, सुकामेव्यातली कवचफळं आणि सोयाबीन यांचा उल्लेख बंधनकारक आहे. तीळ आणि हरभरा मात्र त्या यादीत नाहीत, त्यामुळे घटकांची पूर्ण ओळ वाचायला हवी. सुट्या मालाला तर लेबलच नसतं.

पावसाळ्याआधी घरोघरी सुकट, जवळा, बोंबील भरून ठेवतात. ज्या मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याला जवळाही चालत नाही, आणि काही मुलांना तव्यावर जवळा भाजतानाच्या वाफेनेही घरघर लागते, कारण त्यातलं प्रथिन उष्णतेने मोडत नाही आणि वाफेबरोबर हवेत जातं. अशा घरात भाजणं अंगणात, मूल लांब असताना. हिवाळ्यातल्या पोपटीत वालाच्या शेंगांबरोबर अंडी आणि कोंबडी एकाच मडक्यात, भांबुर्ड्याच्या पाल्यात रचतात. अंडं वर्ज्य असलेल्या पोरासाठी त्याच जाळात दुसरं छोटं मडकं लावायला काहीच अडचण नसते: नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी.

उष्णतेचा परिणाम प्रत्येक पदार्थावर सारखा नसतो. शेंगदाणा भाजला की त्याचं ॲलर्जीकारक प्रथिन आणखी तीव्र होतं, उकडला की काहीसं सौम्य होतं. तरी ज्याला दाण्याची ॲलर्जी आहे त्याला उकडलेल्या शेंगाही देऊ नयेत. अंडं आणि दूध यांचं चित्र जास्त आशादायक आहे. पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजलेलं अंडं, या ॲलर्जीच्या बहुसंख्य मुलांना सोसतं. पण ते घरी करून पाहायचं धाडस नको.

वाडीवर कुणीतरी हमखास सांगतं, गाईचं सोसत नाही ना, मग शेळीचं द्या. हा सल्ला धोक्याचा आहे. गाय, शेळी, म्हैस यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही बाधतं. नारळाच्या दुधाने खीर होते, आमटी होते, पण ते दुधाची जागा घेत नाही. त्यात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिनं, कॅल्शियम नगण्य. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आईचं दूध चालू ठेवून पर्यायी दुधाचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा.

मोठ्या मुलासाठी इथली नाचणी खरी मदतीला येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. फक्त नाचणीतल्या फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही. नाचणी भिजवून मोड आणली की हा अडसर कमी होतो. आपल्याकडे मोड आणलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून पांढरं सत्त्व काढायची पद्धत आहे. तान्ह्या बाळाला ते पचायला हलकं, हे खरं. पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं आणि ते चोथ्याबरोबर जातं. म्हणून वर्षावरच्या मुलाला मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं न गाळलेलं पीठ द्यावं, पेज करून किंवा भाकरीत. सोबत शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी. प्रथिनांसाठी चालणाऱ्या डाळी, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, आणि मासे-कोंबडी चालत असेल तर तीही. दूध आणि अंडं दोन्ही बंद असलेल्या शाकाहारी मुलाला ब-१२ जीवनसत्त्व जेवणातून मिळत नाही, ते औषधरूपात द्यावं लागतं. दर तीन महिन्यांनी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन-उंची मोजून आलेखावर मांडून घ्यावी. मूल वाढतंय की नाही, हे तिथे स्पष्ट दिसतं.

घरात दुसरं बाळ आलं तर? भीतीपोटी त्याला दाणा आणि अंडं वर्ष-दोन वर्षं द्यायचंच नाही, असं पुष्कळ जण ठरवतात. २०१५ साली लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या लीप अभ्यासाने हे उलटं ठरवलं. जोखीम असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा मिळाला, त्यांच्यात पाच वर्षांचं होईपर्यंत दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. धाकट्याला तीव्र इसब नसेल तर सहाव्या महिन्याच्या सुमारास पातळ पेजेत चांगलं वाटलेलं कूट सुरू करता येतं. इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि थोरल्याला ॲलर्जी असेल तर धाकट्याचं भांडं, चमचा, हात साबणाने धुतलेच पाहिजेत. हात निर्जंतुक करणाऱ्या जेलने प्रथिन निघत नाही.

एवढं करूनही कधीतरी चूक होते, लग्नात, वाढदिवसाला, सत्यनारायणाच्या प्रसादात. प्रसादाच्या शिऱ्यात तर रवा, दूध आणि तूप तिन्ही असतात. नुसत्या गांध्या उठल्या तर ॲलर्जीचं औषध पुरतं. पण श्वास लागला, आवाज बसला, मूल गळून पडलं, किंवा गांध्यांबरोबर सारख्या उलट्या सुरू झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस समजायची आणि तिच्यावर पहिलं औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. गोळी-सिरपने ती थांबत नाही. स्वतः टोचून घेण्याचं तयार पेन आपल्या देशात सहज मिळत नाही, पण ॲड्रेनॅलिनची कुपी स्वस्त आहे आणि लसीकरणाच्या ठिकाणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती ठेवलेली असते. तज्ज्ञांकडून आपल्या मुलाचा डोस कागदावर लिहून घ्यावा, कुपी आणि सिरिंज घरी ठेवायची का हे त्यांच्याशी बोलून ठरवावं, आणि टोचायचं कसं हे त्यांच्यासमोर शिकून घ्यावं. मुलाला आडवं ठेवावं, धाप लागली असेल तर बसवावं, पण उठवून चालवू नये. १०८ ला फोन करून कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठावं, आणि बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबावं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात. डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाने पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर कुठल्या वाटेने खाली यायचं, गाडी कुणाची मिळेल, हे मे महिन्यातच ठरवून ठेवायला हवं.

त्या कागदाची एक प्रत शाळेत द्यावी. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं आलं तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय ठेवली होती. पण वाढणारा हात एकच असतो, म्हणून आहार शिजवणाऱ्या ताईंना प्रत्यक्ष भेटून काय चालत नाही ते सांगणं जास्त उपयोगाचं. त्यांना हिंगापर्यंत सगळं समजतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

ही यादी कायमची नसते, हेही घरात सगळ्यांना माहीत असावं. दूध, अंडं आणि गहू यांची ॲलर्जी बहुतेक मुलांच्या बाबतीत शाळेच्या वयात किंवा किशोरवयापर्यंत जाते. शेंगदाण्याची पाचातल्या एखाद्याचीच जाते, कोळंबी-खेकड्याची सहसा राहते. म्हणून दर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी करावी, आकडे उतरत असतील तर पनवेल-मुंबईकडच्या तज्ज्ञांकडे दिवसभर थांबून खाऊन पाहण्याची परीक्षा घ्यावी. ती पार पडली की तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा ताटात ठेवावा लागतो. पुन्हा महिनोन्‌महिने सोडून दिला तर सहनशीलता कमी होऊ शकते.